बुट्टीवरचं जिलेटीन

आमच्या घरात 'गिफ्ट' हा शब्द फार उशिरा आला. त्याआधी सगळ्या देण्याघेण्याला मिळून एक शब्द नव्हताच. लग्नातला तो आहेर, भावानं ताटात घालायची ती ओवाळणी, सासरी परत निघालेल्या लेकीबरोबर द्यायची ती शिदोरी, संक्रांतीला लुटायचं ते वाण. दिवाळीला पोस्टमनला आणि भांडीवाल्या मावशींना द्यायचं ते पोस्त. दसऱ्याला वाटायचं ते सोनं. शब्द वेगळा तसं गुंडाळणंही वेगळं. ओटीला पदर, फराळाला ताट आणि त्यावर क्रोशाचा रुमाल, शिदोरीला बुरुडाकडची बुट्टी, तिळगुळाला नुसता तळहात. सोन्याला तर काहीच नाही, आपट्याचं पान झाडावर असतं तसंच हातात. कोल्हापुरात दसरा चौकात शमीपूजन होऊन सोनं लुटतात तेव्हा छत्रपतींच्या घराण्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या हातात तेच पान असतं. (त्या पानांपायी दरवर्षी आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, आपटा नाही मिळाला तर कांचनाच्या. तेव्हा फुकट म्हणजे निरुपद्रवी, असं समजायचं कारण नाही.)

जिलेटीन मागाहून आलं. जिलेटीन म्हणजे तो पारदर्शक, हात लागला की कुरकुरणारा कागद. आता दिवाळीच्या आधी महाद्वार रोडला गेलं की सजवलेल्या टोपल्यांची रांगच दिसते. खाली चमकीचा कागद, त्यावर सुकामेव्याच्या चार डब्या, डब्यांखाली उंची वाढवायला कागदाच्या चिंध्या, भोवती नेट, वरून जिलेटीन आणि शेंड्याला सॅटिनचं फूल. डब्या चार, पण टोपली गुडघ्याएवढी. घरी नेऊन सोडली की पाच मिनिटांत एका बाजूला मूठभर बदाम आणि दुसऱ्या बाजूला कचऱ्याचा ढीग. पर्यावरणातले माझे गुरू म्हणजे आमचे रद्दीवाले. ते वर्तमानपत्र घेतात, पुठ्ठा घेतात, वह्या घेतात. चमकीचा कागद मात्र ढिगातून दोन बोटांनी उचलून बाजूला काढतात. त्याच्यावर प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो कागदापासून सुटत नाही, म्हणून तो रद्दीतही जात नाही आणि प्लास्टिकमध्येही. त्यांनीच शिकवलेली परीक्षा अशी: कागद मुठीत चुरगळायचा आणि मूठ उघडायची. गोळा होऊन राहिला तर कागद, पुन्हा उलगडायला लागला तर प्लास्टिक.

हे सगळं ठाऊक असूनही मी त्या टोपल्या घेणाऱ्यांना हसत नाही. ज्या प्रथेला गुंडाळण्याची गरजच नव्हती तिला एवढं गुंडाळावंसं का वाटलं, याचं उत्तर मला आईकडे सापडतं.

वडील गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. पगार बेताचा. घरात पायपुसण्यापासून ते उन्हाळ्यात माठाखाली घालायच्या ओल्या तुकड्यापर्यंत सगळं बारदानाचं. तेव्हा किराणा पुड्यांत यायचा. पुडीचा दोरा आई तोडत नसे. गाठ नखानं सोडवायची आणि दोरा गुंड्यावर गुंडाळायची. तो गुंडा मी कळती झाले तेव्हा लिंबाएवढा होता आणि माझ्या लग्नात नारळाएवढा झाला होता. कागद सरळ करून गादीखाली. ह्याला कुणी पर्यावरण म्हणत नव्हतं. काटकसर हा शब्दही तिनं कधी वापरला नाही. टाकायचं कशाला, एवढंच.

आहेरासाठी तिची एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात ब्लाउजपीस, टॉवेल, टोप्या. प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी लावलेली, कुणाकडून आला त्याची, म्हणजे चुकून त्याच घरी परत जायला नको. शिवाय एक वही. कुणाच्या लग्नात काय आलं, आपण काय घातलं. आहेर हे कर्जच होतं आणि ते थोडं चढं करून फेडायचं होतं. त्यामुळे आमच्या भावकीतले टॉवेल कुणाचं अंग पुसायच्या आधी पाच-सहा मांडव बघून यायचे. एकदा माहेरून आलेला मोरपंखी ब्लाउजपीस तिच्या फार मनात भरला होता, पण ऐन वेळी कुणाच्या तरी बारशाला द्यावा लागला. देताना तिनं आतल्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक टाका घातला. चार वर्षांनी एका हळदीकुंकवातून तोच परत आला. "आली बघ माझी मोरपंखी माघारी," म्हणून ती दिवसभर खुशीत होती. मग तो तिनं शिवला.

अशा बाईनं आयुष्यात एकदाच पैसे देऊन गुंडाळायचा कागद आणला. वडिलांच्या शेठच्या घरी लग्न होतं. आहेर नेहमीचाच, पातळ आणि टॉवेल-टोपी. पण ती लक्ष्मीपुरीत जाऊन सोनेरी कागद घेऊन आली आणि दोन तास बसून घड्या घातल्या. मी विचारलं, आपल्याकडं एवढा कागद असताना हा कशाला? ती म्हणाली, "शेठाणीनं गुळाचा खडा हातावर ठेवला तर त्यो प्रसाद. आपण ठेवला तर चिकटपणा."

साध्या भेटवस्तूंवर हल्ली बरंच लिहून येतं. जुन्या साडीत गुंडाळा, वर्तमानपत्रात गुंडाळा, घरी केलेलं लोणचं द्या. सूचना चांगल्याच असतात, मीही त्या पाळते. पण प्रत्येक वेळी आईचं ते वाक्य मधे येतं. ज्यांच्या देण्याचं माप कुणी काढत नाही त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं तर ती आवड ठरते. ज्यांचं माप रोज निघतं त्यांना सोनेरी कागद लागतो. तो कागद वस्तूसाठी नसतोच, देणाऱ्याची लाज झाकायला असतो.

घेणाऱ्याची लाज झाकायलाही असतो. वडील गेले त्याच्या पुढच्या संक्रांतीला आमच्या गल्लीत नेहमीसारखी हळदीकुंकवं झाली. रथसप्तमीपर्यंत बायका एका घरातून निघून दुसऱ्या घरात जात होत्या, हातात उघडीच वाटी, चाळणी, कंगवा, जे काय वाण असेल ते. आई दार लोटून आत बसायची. एका संध्याकाळी शेजारच्या काकू मागच्या दारानं आल्या आणि कॅरीबॅगेत गाठ मारून आणलेला डबा तिच्यापुढं ठेवला. "वाण म्हणून नाही हो, असंच." काकूंचं मन चांगलं होतं. आईनं डबा घेतला, वापरलाही. पण आमच्या घरी झाकून आलेलं वाण ते एकच. २०२२ च्या मे महिन्यात आमच्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तेव्हा सगळ्या महाराष्ट्रात बातमी झाली. ती वाचायला आई नव्हती. मी आता संक्रांतीला सगळ्यांना बोलावते आणि वाण म्हणून गुळाची लहान ढेप देते. गूळ संपतो, माळ्यावर जाऊन बसत नाही. आणि गूळ कोल्हापूरचा म्हटल्यावर त्याला चिकटपणा म्हणायची कुणाची हिंमत होत नाही, हाही एक फायदा.

सजावटीचं तसं सोपं आहे. तिथं समोर कुणी एक माणूस घेणारा नसतो. तरी आम्ही तिथंही वाहवत गेलोच. नव्वदच्या दशकात थर्माकोलची मखरं आली. खांब, कमानी, कळस, सगळं पांढरंशुभ्र आणि एका हातानं उचलता येणारं. आईच्या जुन्या साडीच्या चुण्या आणि केळीचे खुंट त्यापुढं एकदम गावंढळ दिसायला लागले. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारनं प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आणली, आणि गणपतीपुरती सूट मागायला गेलेल्या व्यापाऱ्यांना त्याच जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं नकार दिला. मखरं गेली, आणि त्यांच्या जागी प्लास्टिकच्या फुलांचे पडदे आले. विसर्जनात मात्र कोल्हापूरनं खरंच पाऊल पुढं टाकलं. पंचगंगेऐवजी इराणी खणीत मूर्ती जायला लागल्या, नदीला द्यायचं निर्माल्य वेगळं गोळा व्हायला लागलं.

पण गौर बघा. आमच्याकडे गौरीचे डहाळे आणतात, तेरड्याचे. बायका-पोरी कळशी घेऊन पाणवठ्यावर जातात, पंचगंगेच्या घाटावर नाहीतर रंकाळ्यावर, आणि रानात आपोआप उगवलेला तेरडा मुळासकट घरी येतो. त्याला मुखवटा आणि साडी. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण आपण टिंगलीनं वापरतो. पण गौर राहतेच मुळी तीन दिवस. पहिल्या दिवशी आली, दुसऱ्या दिवशी जेवली, तिसऱ्या दिवशी गेली. सजावटीचा रंग याहून जास्त टिकून करायचाय काय? त्या प्लास्टिकच्या फुलांचा रंग जात नाही, हीच तर अडचण आहे. दुसरी गोष्ट नैवेद्याची. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी असते, पण आल्या आल्या गौरीपुढं ठेवतात ती भाजी-भाकरी. साक्षात देवी घरी आलीय आणि ताटात पालेभाजी, तरी कुणाला त्यात काही कमी वाटत नाही. कारण ती माहेरी आलेली आहे.

दान आणि भेट यांतला फरक मला २०१९ च्या महापुरानं दाखवला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ फुटांच्या वर. महाराष्ट्रभरातून मदतीचे ट्रक आले. धान्य, पाणी, औषधं, चादरी यांनी माणसं जगवली, ते ऋण आम्ही विसरणार नाही. पण कपड्यांचे ढीगही आले. शिरोळ भागात एका छावणीत आम्ही मैत्रिणी दोन दिवस ते ढीग निवडत होतो. चेन तुटलेल्या पँटी, काखेत उसवलेले ब्लाउज, एकेकटे मोजे. एका म्हातारीला मी त्यातल्या त्यात बरी साडी काढून दिली. तिनं ती उलगडून उजेडात धरली, पुन्हा नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "नेसत्या लुगड्यानं आलोय बाई, पर ह्ये नगं." तिचं बरोबर होतं. जुनं देणं आणि नको असलेलं देणं यांत फरक आहे, आणि तो घेणाऱ्याला हात लावताक्षणी कळतो. पाणी उतरल्यावर नदीकाठच्या झाडांच्या शेंड्यांना पिशव्या, वेष्टनं आणि चमकीच्या पट्ट्या लोंबत होत्या. पुढं कितीतरी दिवस त्या तशाच होत्या. बसमधून जाताना वर बघावं लागायचं, एवढ्या उंचीवर.

गेल्या वर्षी लेकीचं लग्न झालं. सासर इचलकरंजी, घरचे यंत्रमाग. पहिली दिवाळी म्हणजे दिवाळसण. लेक-जावई पाडव्याला आमच्याकडे येणार होते, पण त्याआधी फराळ विहीणबाईंच्या घरी पोचवायचा होता. ऑगस्टमध्येच लेकीचा फोन आला. "आई, त्या जिलेटीनच्या टोपल्या आणायच्या नाहीत हं. मी इथं सांगून ठेवलंय की आमच्याकडं असलं काही करत नाहीत."

हे 'सांगून ठेवलंय' ऐकून माझ्या पोटात गोळा आला. तिच्या थोरल्या जावेच्या माहेरून आदल्या वर्षी सजवलेल्या सात टोपल्या आल्या होत्या. त्यांचे फोटो मी स्वतः पाहिले होते, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर. माझी नणंद म्हणाली, "वैनी, पोरीला कळत नाही. लोक टोपल्या मोजत्यात." नवरा म्हणाला, तिचं म्हणणं बरोबर आहे, तत्त्वाची गोष्ट आहे. तत्त्वाची होतीच, पण किंमत कोण मोजणार होतं? मी फराळ ठेवून संध्याकाळी कोल्हापूरला परत येणार, आणि लेक तिथं राहणार. सहा महिन्यांच्या सुनेला त्या घरात अजून चहात साखर किती घालायची हे विचारावं लागत होतं. मी तिला हे स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आजीसारखा सोनेरी कागद आणणार तू?" मी म्हटलं, लागला तर आणीन.

शेवटी दोघींनी मिळून मधला रस्ता काढला. बुरुड गल्लीतून झाकणाच्या पाच बुट्ट्या करून घेतल्या. आत अंथरायला आधी केळीची पानं आणली, पण करंज्या मऊ पडतील म्हणून ती ठेवली आणि मांजरपाटाचे चौकोन शिवून घेतले. चकली, करंजी, अनारसे, बेसनाचे लाडू, चिवडा. झाकणावरून बांधायला गुळेदगुड्डचे खण घेतले, इरकलीबरोबरचे असतात तसले, पाच रंगांचे. नंतर त्यांचे ब्लाउज होतील हा हिशेब. बाकीचा हिशेब मांडला तेव्हा मात्र मला हसू आलं. पाच बुट्ट्या आणि पाच खण मिळून जे झालं त्यात जिलेटीनच्या सात टोपल्या आल्या असत्या, सॅटिनच्या फुलांसकट. साधं करायचं म्हणून आम्ही चांगलाच खर्च केला होता. वर, जावयाच्या कपड्यांचा दुकानातून मिळालेला चकचकीत खोका मी तसाच ठेवला. लेकीनं फोनवर भुवया उंचावल्या असणार, पण त्याबद्दल मी वाद घातला नाही. पोरीच्या नव्या घरात पाय रोवायला एक खोका उपयोगी पडत असेल तर रद्दीवाल्यांची मी माफी मागीन.

इचलकरंजीच्या दिवाणखान्यात बुट्ट्या ओळीनं मांडल्या. जावयाच्या चुलत्या तिथंच होत्या. त्यांनी बुट्ट्यांकडं बघितलं, दाराकडं बघितलं, आणखी काही आत यायचंय का म्हणून. मग गोड आवाजात म्हणाल्या, "सजवायला वेळ मिळाला नसंल. लांबनं यायचं म्हणजे." इचलकरंजी ते कोल्हापूर तासाभराचा रस्ता. लेक पदराशी चाळा करत उभी होती.

विहीणबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पहिल्या बुट्टीची गाठ सोडली, फराळ बघितलाच नाही, खण हातात घेतला आणि उलटा केला. मागची बाजू बोटानं चाचपली, कडा बघितली, उजेडाकडं धरला. मागाच्या घरातली बाई कापडाची समोरची बाजू आधी बघत नाही, हे मला तेव्हा कळलं. "गुळेदगुड्ड?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "हातमागाचा हाय," त्या चुलत जावेला म्हणाल्या, आणि पाचही खण सोडून, घड्या घालून, आपल्या मांडीवर ठेवले. त्यानंतर टोपल्यांचा विषय निघाला नाही.

परत येताना नवरा गाडीत म्हणाला, बघ, साधेपणा पटला त्यांना. मला तसं वाटलं नाही. पटलं होतं ते कापड. त्या घरात कापडाला पत होती म्हणून आमची पत राहिली. सराफाच्या घरी त्याच बुट्ट्या घेऊन गेलो असतो तर काय झालं असतं, सांगता येत नाही. पण ते मी बोलले नाही, तो खुशीत गाडी चालवत होता.

तुळशीचं लग्न झाल्यावर विहीणबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाल्या, बुट्ट्या माघारी धाडायच्या का ठेवून घ्यायच्या? एकीत कांड्या ठेवल्यात, दोनांत कांदे-लसूण, दोन रिकाम्या हायत. रिकामं भांडं परत पाठवायचं नसतं हे त्यांनाही माहीत, मलाही माहीत. मी म्हटलं, राहू द्या की, घरच्याच आहेत.

भोगीच्या दिवशी दुपारी लेक आली, एकटीच, एसटीनं. हातात त्यातली एक बुट्टी. सासूबाईंनी दिलीय म्हणाली. वर कालचं वर्तमानपत्र, तेही चुरगळलेलं, आणि मागावरच्या सुतानं करकचून बांधलेलं. खण नाही, रुमाल नाही. आत तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, अजून कोमट, आणि डब्यात भोगीची भाजी. मी सुताची गाठ नखानं सोडवत होते तोवर शेजारच्या वहिनी दारातून डोकावल्या. पहिली संक्रांत, विहिणीकडून काय आलं म्हणून विचारलं.

"भाकरी आलीय," मी म्हटलं. "या, खायला बसा."